बोटभर अंतर

आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये तो कागद पुन्हा लागला आहे. दर एप्रिलमध्ये लागतो. पांढऱ्या पोशाखातली एक मुलगी हवेत लाथ मारते आहे, आणि खाली कराटेच्या उन्हाळी शिबिराच्या वेळा. मी त्याच्याकडे पाठ करून उभी राहते. पण समोरच्या भिंतीवर आरसा आहे, त्यामुळे सहा मजले ती मुलगी माझ्या खांद्यावरून मलाच लाथ मारत राहते. सोसायटीतल्या लोकांनी आरसा तरी काढावा नाहीतर कागद तरी, असं मला दरवर्षी वाटतं. सांगत मात्र कोणालाच नाही. पन्नाशीला टेकलेल्या बाईने लिफ्टमधल्या चित्राची तक्रार करायची म्हणजे कारण सांगावं लागणार.

मग शनिवारी सकाळी क्लबहाऊसमधून आवाज सुरू होतात. मुलांच्या आरोळ्यांचं मला काही वाटत नाही. पण मधूनच एखादा ‘फट्’ असा आवाज येतो आणि हातातला चहा हिंदकळतो. गॅलरीतून बघणाऱ्या आयाबापांना वाटतं, केवढा जोरदार ठोसा! तो आवाज मुठीचा नसतो, बाहीचा असतो. कापड जाड असलं, बाही मनगटाच्या वर बेताने आखूड असली आणि खळ कडक असली, की हवेत मारलेला साधा हातही फाडकन वाजतो. हे मला पक्कं ठाऊक आहे, कारण माझ्या वडिलांनी तो आवाज शिवला होता.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. आमचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरातलं, शिंप्याचं. बनशंकरीच्या घराची पुढची खोली म्हणजेच दुकान, आणि मागे आम्ही. मी कराटेला जाणार म्हटल्यावर त्यांनी तयार पोशाख आणू दिला नाही. मांजरपाट आणला, दोनदा पाण्यातून काढला आणि पोशाख घरीच शिवला. बाही वाजत नाही म्हणून मी तोंड पाडलं, तेव्हा आईच्या भांड्यातली तांदळाची खळ घेऊन स्वतः बाह्या बुडवल्या. वाळल्यावर मी अंगणात हात मारला. फट्! अण्णा इतके खूश झाले की समोरच्या गिऱ्हाइकाला त्यांनी तो पुन्हा ऐकवला. आपली मुलगी आता कोणाचंही नाक फोडू शकते, अशी त्या दिवसापासून त्यांची खात्री झाली. माझीही झाली.

नव्वदीच्या मधल्या वर्षांतला तो मे महिना. बेंगळुरात तेव्हा मे म्हणजे फुलांचा केर. बनशंकरीच्या रस्त्यांवर सोनमोहराचा पिवळा सडा पडायचा, सायकली त्याच्यावरून घसरायच्या, आणि झाडणाऱ्या बायका सकाळी सकाळी झाडांनाच शिव्या द्यायच्या. दुपारी तापायचं, चार वाजता आभाळ काळं व्हायचं आणि आंब्याची एक सर येऊन जायची. फळवाल्यांकडे पेंढ्यात निजलेले रसपुरी आणि बदामी आंबे. माझी दुसऱ्या पीयूसीची, म्हणजे बारावीची, परीक्षा झाली होती, निकाल लागायचा होता. रिकामं डोकं, रिकामे हात, आणि महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी कराटेची तपकिरी पट्ट्याची परीक्षा. अक्काही माहेरी आली होती, तिच्या तीन वर्षांच्या रेवतीला घेऊन. आंबे खायला आली आहे, असं सगळे म्हणत होते.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण वत्सला, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. यशवंतपूरला दिलेली. रघुनाथ भावोजींची तिथल्या यार्डात कांदे-बटाट्याची मंडी होती. भावोजी मृदू बोलायचे. आवाज कधी चढलेला ऐकला नाही. आले की आईच्या पाया पडायचे, अण्णांना ‘मामा, तब्येत जपा’ म्हणायचे, माझ्यासाठी न विसरता काहीतरी आणायचे. जावई मिळावा तर असा, असं आमच्या गल्लीत आमच्यापेक्षा बाकीचेच जास्त म्हणत.

आमचे कराटेचे मास्टर बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात कामाला होते. पहिली पाळी नसेल तेव्हा पहाटे शाळेच्या मैदानावर शिकवायचे. बुटके, टक्कल पडलेले, बोलायला लागले की कन्नडमधून थेट पुराणात शिरणारे. ही विद्या आली कुठून, याच्या त्यांच्याकडे निदान तीन गोष्टी होत्या. एका दिवशी ती कांचीहून निघालेल्या भिक्खूने डोंगर ओलांडून चीनला नेली. दुसऱ्या दिवशी एका बेटावरच्या राजाने प्रजेची हत्यारं काढून घेतली, म्हणून शेतकऱ्यांनी हातांचीच हत्यारं केली. तिसऱ्या दिवशी वाघ, साप आणि बगळा यांची भांडणं बघून माणूस शिकला. आम्ही तिन्हींवर विश्वास ठेवला. अण्णांचा मात्र आक्षेप होता. आपल्याकडे लाठी होती, दांडपट्टा होता, जुन्या पेठेतल्या गरडीत, म्हणजे तालमीत, तांबड्या मातीत कुस्त्या व्हायच्या, माझा चुलता तिथे रोज अंग मळवून यायचा. मग जपानला वाकून नमस्कार कशासाठी? एकदा मास्टर पँट अल्टर करायला आले, तेव्हा अण्णांनी टेप गळ्यात घालून हा प्रश्न त्यांना विचारलाच.

मास्टरांनी थोडा विचार केला. मग म्हणाले, “कोणीतरी मार खाल्ला असेल, अण्णा. मार खाल्ल्याशिवाय कोण शिकायला बसतो? तुमच्याकडचा असो, नाहीतर तिकडचा.”

हे उत्तर अण्णांना पटलं. मला अजिबात नाही. मला भिक्खू हवा होता. मार खाल्लेला कोणी एक माणूस सगळ्याच्या मुळाशी आहे, हे मला फार गरीब वाटलं.

त्याच मे महिन्यात मला पहिला धक्का बसला, आणि तो मंगळुरी कौलांचा होता. आमच्या उन्हाळी शिबिराच्या शेवटी पालकांपुढे प्रात्यक्षिक व्हायचं. त्यात मोठी मुलं एकावर एक रचलेली कौलं हाताने फोडायची. पाच कौलं, एक आरोळी, आणि लाल तुकडे सगळीकडे. पालक टाळ्या वाजवून हात दुखवून घ्यायचे. त्या वर्षी कौलं आणायचं काम माझ्याकडे आलं. मास्टरांनी चिठ्ठी दिली, ती वखारीची असेल म्हणून मी गेले, तर पत्ता निघाला कोपऱ्यावरच्या बेकरीचा. बेकरीवाल्याने खारी बिस्किटांच्या ट्रेमागून कौलं काढली. रात्रभर भट्टीच्या कडेला ठेवून त्यांच्यातला ओलावा काढून टाकला होता, म्हणजे ती पापडासारखी मोडतात. तो अगदी सहज म्हणाला, “स्वल्प जपून न्या मा. सायकलवर आदळली तरी फुटतील.”

मी कौलं मांडीवर घेऊन रिक्षात बसले आणि मला रडू यायला लागलं. वर्षभर मी ज्या हाताला देव मानत होते, तो बेकरीच्या भट्टीवर चालत होता! मैदानावर आल्यावर मी मास्टरांशी बोलले नाही. त्यांनी ओळखलं. म्हणाले, “पालकांना आवाज लागतो. तुला काय लागतं ते तू ठरव.” वर हसलेही. मला त्यांचा फार राग आला.

पण राग धरून बसायला वेळ नव्हता, कारण मागच्या वर्षी मी त्याच परीक्षेत नापास झाले होते. आमच्या परीक्षेत समोरासमोर लढत असे, पण लागू द्यायचं नाही. पूर्ण वेगाने ठोसा मारायचा आणि कातडीच्या बोटभर अलीकडे थांबवायचा. लागला की बाद. मागच्या वर्षी माझी मूठ समोरच्या मुलीच्या ओठावर गेली होती, आणि दोन थेंब रक्तापायी माझं वर्ष वाया गेलं होतं. त्यामुळे हे सगळं वर्ष मी एकच गोष्ट शिकत होते, थांबणं. मास्टर मैदानभर ओरडत फिरायचे, “निल्लिसु! निल्लिसु!” थांबव, थांबव. झोपेतही मला तो शब्द ऐकू यायचा.

सरावासाठी मी एक युक्ती काढली होती. अण्णांचा कापडावर खुणा करायचा निळा खडू बोटांच्या सांध्यांवर चोळायचा आणि समोर कोणाला तरी बसवायचं. नाकावर निळं लागलं, तर मी नापास. अण्णांना हे फार आवडलं. त्यांच्या धंद्यातही बोटभराचाच हिशेब होता. माप घेताना ते टेपच्या आत स्वतःचं एक बोट घालायचे, छातीला, गळ्याला, मनगटाला. कपडा अंगाला चिकटला तर माणूस श्वास कसा घेणार, म्हणायचे. माझं बघून ते हातातलं काम टाकून उठायचे आणि माझ्या मुठीच्या नि समोरच्याच्या नाकाच्या मधे बोट घालून बघायचे. बरोबर मावलं की मान डोलवायचे.

समोर बसायची ती अक्का.

मागच्या अंगणात धुण्याच्या दगडावर मी तिला बसवायचे. रेवती बाजूला आंब्याची कोय चोखत बसलेली. मी पवित्रा घ्यायचे, आरोळी ठोकायचे, बाही वाजायची, मूठ अक्काच्या नाकापुढे येऊन थांबायची. आणि अक्का दरवेळी डोळे घट्ट मिटायची, खांदे कानांपर्यंत वर घ्यायची आणि डावा हात चेहऱ्यावर आडवा धरायची. मूठ थांबल्यानंतरही ती तशीच राहायची, कितीतरी वेळ. मी हसायचे. “काय गं अक्का, किती भित्री तू! लागणार नाही म्हणून सांगितलं ना?” मी तिची नक्कलसुद्धा करून दाखवायचे, खांदे वर, हात आडवा. आई हसायची, रेवती टाळ्या पिटायची. अक्काही हसायची. “सरी, सरी, बरं, पुन्हा मार,” म्हणायची.

तो आडवा हात कुठे शिकली, हे मला विचारावंसं वाटलं नाही. वर्षभर मी बचावाचे पवित्रे घोकत होते, आणि माझ्या समोर एक बाई रोज एक पवित्रा घेत होती, कोणत्याही मास्टरने न शिकवलेला.

एकदा आंब्याच्या फोडी करता करता ती आईला म्हणाली, “रागीट आहेत स्वल्प. राग आला की त्यांचा हात त्यांनाच आवरत नाही गं. नंतर इतकं वाईट वाटतं त्यांना, रडतात.” आई सुरी थांबवून तिच्याकडे बघत राहिली, मग म्हणाली, “पुरुषांचा स्वभाव असतो एकेकाचा.” मला वाटलं, भावोजी कधीतरी ताटबीट आपटत असतील. आईला मात्र थोडं कळलं असावं. त्या आठवड्यापासून ती शुक्रवारी बनशंकरीच्या देवळात राहुकाळात लिंबाच्या सालीतले दिवे लावायला जायला लागली. परत आली की तिच्या हातांना लिंबाचा आणि जळक्या तुपाचा वास यायचा. अक्काचा संसार सुरळीत चालू दे, एवढंच मागत होती. अक्काने परत जायचं नाही, हे मागायचं असतं, हे तिच्या कधी मनातही आलं नसेल. शाळा उघडायच्या आत भावोजी न्यायला येणार, आणि ती जाणार, हे ठरलेलंच होतं. अक्का दिवस मोजत होती, पण ते आम्हाला उलटे ऐकू येत होते, घरच्या ओढीने मोजल्यासारखे.

परीक्षेच्या आदल्या दिवशी, रविवारी सकाळी भावोजी आले. ठरल्यापेक्षा आठ दिवस आधी. हातात रसपुरीची करंडी. आईच्या पाया पडले. अण्णा पुढच्या खोलीत एका गिऱ्हाइकाचं माप घेत होते, त्यांना ‘चालू द्या मामा’ म्हणाले आणि थेट मागे गेले, अक्का कपडे धूत होती तिथे. मी घराच्या बाजूच्या बोळात सराव करत होते. अंगात तो कडक पोशाख, सांध्यांवर खडू.

मला आधी भावोजींचा आवाज ऐकू आला. नेहमीसारखा हळू. “सामान भर.” अक्का काहीतरी म्हणाली, बहुतेक आठ दिवसांचं. “भर म्हटलं ना.” मग एक बारीकसा आवाज झाला. ओला कपडा दगडावर पडावा तसा. मी खरंच तसंच समजले. दोन पावलं पुढे येऊन पाहिलं, तर अक्का भिंतीला टेकलेली, खांदे वर, डावा हात चेहऱ्यावर आडवा. आणि भावोजींनी तिचा तो हात मनगटाला धरून खाली ओढला आणि स्वतःचा दुसरा हात उचलला.

मी जागच्या जागी गार झाले. ते एक क्षणभर होतं, पण तेवढ्यात मी महिनाभराची माझी सगळी नक्कल पाहिली. माझ्याच डोळ्यांपुढे मी खांदे वर करून हसवत होते सगळ्यांना.

मग मी धावले. विचार केला नाही. पाय बरोबर पडला, कंबर बरोबर वळली, मूठ सरळ निघाली. इतका चांगला ठोसा मी आयुष्यात मारला नव्हता. बाही अशी वाजली की कुंपणावरचा कावळा उडाला.

आणि मूठ थांबली.

भावोजींच्या नाकाच्या बोटभर अलीकडे. मी थांबवली नाही. देवाशपथ सांगते, मला ते नाक फोडायचं होतं. दात पाडायचे होते. माझ्या अंगातला कण न् कण पुढे जात होता आणि हात मात्र, एक वर्ष शिकवलेला, गुणी हात, आपोआप थांबला. नाकाच्या शेंड्यावर खडूचा कणसुद्धा लागला नव्हता. मी माझ्या मुठीकडे बघत राहिले. ती माझी नव्हतीच.

भावोजी दचकले होते. एक पाऊल मागे गेले होते. पण काही लागलं नाही हे लक्षात आल्यावर त्यांनी माझ्या मुठीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि हसले. “झालं? एवढंच?” म्हणाले. आणि माझ्या मुठीच्या बाजूने हात नेऊन त्यांनी अक्काला आणखी एक मारली. माझ्या डोळ्यांसमोर. मी तशीच उभी. पवित्र्यात.

आजवर मी खूप काही पाहिलं आहे. माणसं मरताना पाहिली आहेत. पण तसा धक्का पुन्हा बसला नाही. खरा मार वाजत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. वाजतात त्या बाह्या.

अण्णा आले ते बाहीच्या आवाजाने. त्यांना वाटलं मी सराव करते आहे, म्हणून कौतुकाने गिऱ्हाइकालाही बरोबर घेऊन आले होते. गळ्यात टेप, कानावर पेन्सिल. त्यांनी अक्काचा गाल पाहिला. भावोजी लगेच मवाळ झाले, हात जोडले, डोळ्यांत खरंच पाणी आणलं. “मामा, चुकलं. काय करू, राग आला की हात आवरतच नाही माझा. देवानेच असा दिलाय. तुम्हीच सांगा तिला समजून घ्यायला.”

अण्णांनी कानावरची पेन्सिल काढून खिशात ठेवली. आई स्वयंपाकघराच्या दारात. अक्का भिंतीपासून पुढे झाली आणि भावोजींकडे सरळ पाहत म्हणाली, “मी येत नाही.”

“आठ दिवसांनी ये मग,” भावोजी म्हणाले.

“आठ दिवसांनी नाही. आता कधीच नाही.”

अक्काला मी तसं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. आईने तोंडाला पदर लावला. अण्णांनी घसा खाकरला आणि फक्त एवढंच म्हणाले, “रघुनाथराव, निघा तुम्ही. करंडी घेऊन जा.” करंडी ते तशीच टाकून गेले. ते आंबे आमच्या ओसरीवर पिकले, काळे पडले, सगळ्या घरात त्यांचा गोड वास भरला, पण त्यांना कोणी हात लावला नाही. शेवटी अण्णांनी ती करंडी गाईपुढे रिकामी केली. मी अजून रसपुरी खात नाही. वास आला तरी मला तो ओल्या कपड्यासारखा आवाज ऐकू येतो.

दुसऱ्या दिवशी मी परीक्षेला गेले. का गेले, मला माहीत नाही. बहुधा घरात अक्कासमोर बसवेना म्हणून. बाहेरून आलेल्या परीक्षकांपुढे मी लढले, आणि माझी प्रत्येक मूठ बोटभर अलीकडे थांबली. त्यांनी माझं नाव घेऊन सगळ्यांना सांगितलं की ताबा असावा तर असा. टाळ्या वाजल्या. तपकिरी पट्टा मी कमरेला बांधलाच नाही, गुंडाळून हातात धरला.

मास्टरांना मी त्याच मैदानावर, सोनमोहराखाली सगळं सांगितलं. ते खाली बसले. मग म्हणाले, “तुझी चूक नाही. मी थांबायला शिकवलं. कधी थांबायचं नाही, ते शिकवलं नाही. मलाच येत नाही.”

“म्हणजे?”

“बाहेर मी कोणाला मारलेलं नाही. वीस वर्षांत नाही.”

“कधी वेळच आली नाही?”

“आली. एकदा बोम्मसंद्र्याला बसस्टॉपवर तिघांनी घेरलं.”

“मग?”

“पळालो,” मास्टर म्हणाले. “चांगला पळालो.”

मला हसू आलं नाही, आज येतं. मी पट्टा त्यांच्या हातात दिला आणि घरी आले. पुन्हा त्या मैदानावर गेले नाही. मास्टर नंतर दोनदा दुकानात येऊन गेले, मी आतल्या खोलीत बसून राहिले. अण्णांनी तो पोशाख उसवला आणि त्याच्या उशांच्या खोळी केल्या. कितीतरी वर्षं मी त्या बाह्यांवर डोकं ठेवून झोपले.

अक्का परत गेली नाही. सोपं गेलं असं नाही. यशवंतपूरहून माणसं येत राहिली, नातेवाईक अण्णांना उपदेश करत राहिले, आईने मधेच कच खाल्ली आणि पुन्हा सावरली. अक्का अण्णांच्या दुसऱ्या मशीनवर बसली. ब्लाउज शिवायला लागली, मग शिकवायला. रेवतीला मोठं केलं, तिचं लग्न केलं. मला वाटायचं, अण्णा वेळेवर आले म्हणून हे झालं. मी जे करायला हवं होतं, ते मी केलं नाही, आणि माझ्या देखत तिला आणखी एक खावी लागली. या विषयावर आम्ही दोघी कधी बोललो नाही. कोणी मे महिन्याचं, मैदानाचं, कराटेचं काढलं की मी काहीतरी आणायला आत जायचे. तीस वर्षं आत जात राहिले.

पेपरात कधी एखाद्या मुलीने चोराला लोळवल्याची बातमी येते. मी ती दोनदा वाचते, आणि तिच्या मास्टरने तिला काय शिकवलं असेल याचा विचार करत बसते. कधी उलट बातमी येते. तीही दोनदा वाचते.

या वर्षी रेवतीची सात वर्षांची अनू सुट्टीला आमच्याकडे आली. अक्काही आली होती. पोरीने लिफ्टमधला कागद पाहिला आणि हट्ट धरला. मी एकदम चिडून म्हणाले, “काही नको. काही उपयोग नसतो त्याचा. नुसते आवाज.” अनूचा चेहरा एवढासा झाला. मी नेहमीप्रमाणे आत जायला उठले.

“शशी, बस खाली,” अक्का म्हणाली. “साकु, पुरे आता आत जाणं. पोरीला जाऊ दे त्या क्लासला.”

“तू सांगतेस हे? तू?”

“मीच सांगणार. मी समोर होते.”

मी म्हणाले, “ऐन वेळी माझा हात थांबला, अक्का. मी तुला वाचवू शकले नाही.” हे वाक्य तीस वर्षं माझ्या घशात होतं आणि ते एका लहान मुलीसमोर बाहेर पडलं.

अक्का माझ्याकडे नवलाने बघत राहिली. “तुला असं वाटतं?” म्हणाली. “इतकी वर्षं?” मग तिने चष्मा काढून पदराला पुसला आणि हळूहळू बोलली. “चार वर्षं ते मला सांगत होते, राग आला की हात आवरत नाही. मी खरं मानलं होतं गं. म्हटलं, रोग असतो एकेकाला, माणूस काय करणार. सासूबाईही तेच सांगायच्या. आणि त्या दिवशी मी तुझं तोंड बघितलं. तेवढा राग मी त्यांच्याही तोंडावर कधी बघितला नव्हता. तू मारून टाकली असतीस त्यांना. आणि तुझा हात थांबला. बोटभर. मी तिथेच होते, मला दिसलं. सतरा वर्षांच्या पोरीचा थांबतो. मग यांचा का नाही थांबत? मग त्यांनी पुन्हा मारलं, तेव्हा मी त्यांच्या हाताकडेच बघत होते. डोळे उघडे ठेवून. तो आपोआप नाही आला, शशी. त्यांनी आणला.”

खालून क्लबहाऊसमधून ‘फट्’ आवाज आला, आणि पहिल्यांदाच माझा चहा हिंदकळला नाही, कारण तो मी केव्हाच खाली ठेवला होता.

अनूला यातलं काय कळलं कोण जाणे. तिचं एकच चाललं होतं, “शशीअज्जी, थांबवायचं म्हणजे कसं? दाखव ना.”

“दाखव तिला,” अक्का म्हणाली आणि स्वतःच खुर्ची पुढे ओढून माझ्यासमोर बसली.

माझे गुडघे कुरकुरले. पवित्रा जमला नाही, साडीच्या निऱ्या आड आल्या. पण मूठ आवळली तशी ती सरळ निघाली, पूर्ण वेगाने, आणि अक्काच्या नाकापुढे येऊन थांबली. अनूने धावत येऊन मधे आपलं बोट घालून बघितलं. बरोबर मावलं.

अक्काचे खांदे होते तिथेच होते. दोन्ही हात मांडीवर होते. डोळे उघडे होते.